विषप्राशनाचा शिक्का

"जे केसपेपरवर नाही, ते तुम्ही केलेलेच नाही," शिकाऊ डॉक्टरांना कायदा शिकवायला आलेले वकील म्हणाले. सभागृह हसले. प्रियंकाला हसू आले नाही. तिला बादल नावाच्या रुग्णाचा केसपेपर आठवत होता.

त्या वर्षी कपाशी डोक्याच्या वर गेली होती आणि बोंडअळी फवारणीला दाद देत नव्हती. प्रियंका शिकाऊ होती त्या जिल्ह्यातल्या रुग्णालयात विषबाधेचे रुग्ण इतके येत, की वेळ वाचावा म्हणून 'विषप्राशन' असा रबरी शिक्काच करून घेतलेला होता. बादलच्या कागदावर तो प्रियंकाने मारला. पुढचे सारे शिक्क्याबरहुकूम झाले: नाकातून नळी, पोट धुणे, उताऱ्याला अ‍ॅट्रोपिन. कळंबजवळच्या तांड्यावरून आलेली त्याची बायको पुष्पा दारातून ओरडत होती, "त्यायनं काई पेलं नाही, म्याडम! फवारून राह्यले होते, पंप गळे पाठीवर!"

नातेवाईक आत्महत्या लपवतात, असे प्रियंकाला शिकवलेले होते. फवारणीच्या औषधाने भिजलेला सदरा बादलच्या अंगावर तसाच राहिला आणि कातडीतून विष मुरत राहिले. तिसऱ्या दिवशी तो गेला. कागदावर विष प्यालेला, म्हणून अपघाताच्या मदतीसाठी पुष्पाने केलेला अर्ज तहसीलमधून परत आला.

"नोंद चुकली असेल तर?" प्रियंकाने वकिलांना विचारले.

"एका रेघेत खोडा. शेजारी खरे लिहा, सही करा, आजची तारीख घाला."

विभागप्रमुख शीला मॅडमनी तिचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले. "फवारणी लिही, माझी हरकत नाही. पण मग कपडे उतरवून अंग का धुतले नाही, हे विचारतील. त्याचेही उत्तर लिही. तुझ्या इंटर्नशिपच्या दाखल्यावर सही मलाच करायची आहे."

प्रियंकाने 'विषप्राशन' एका रेघेत खोडले. 'फवारणी करताना त्वचेवाटे विषबाधा' असे लिहिले. बराच वेळ पेन हवेत राहिले. मग खाली, तितक्याच नेटक्या अक्षरात: 'दाखल करतेवेळी कपडे उतरवून अंग साबणाने धुतले.' दोन्हींखाली तिची एकच सही होती.

दुसऱ्या दिवशी, निरोप मिळाल्यावर, पुष्पा नव्या अर्जासाठी केसपेपरची नक्कल घ्यायला आली. "वाचून दाखवा, म्याडम."

प्रियंकाने दोन्ही ओळी वाचल्या.

"पयली खरी हाय," पुष्पा म्हणाली. "दुसरी कायले लिवली? सदरा तं म्याच काढला. ते गेल्यावर."

"दोन्ही एकाच कागदावर आहेत," प्रियंका तिच्याकडे न पाहता म्हणाली. "वेगळ्या देता येत नाहीत."

"लय शिकवते वं तुमाले इथं." पुष्पाने हात पुढे केला. "द्या."