ठकुबाईचं बोट आणि मी

मित्रांनो, मी एक जुना ट्रे आहे. चहाचा नव्हे, दवाखान्यातला. घेवड्याच्या दाण्यासारखा वाकडा, पांढऱ्या इनॅमलचा, कडेचे टवके उडालेला. पट्टी सोडताना जखमेखाली धरतात ना, तो मी.

पुण्यातल्या एका कारखान्यात मी घडलो आणि खोक्यातून, एसटीच्या टपावर बसून विंझर गावच्या दवाखान्यात आलो. तेव्हा पेशंट म्हणायचे, "नवा दिसतुया." एवढंच काय ते माझं कौतुक. पुढं रोजचं रक्त, पू, कापूस आणि मग उकळतं पाणी. आता डॉक्टर सरोजबाईंनी कागदी ट्रेसुद्धा आणलेत. एकदा वापरले की फेकले, सुटले बिचारे! मला मात्र सुटका नाही. थकलो हो मी.

थकलो ते घाणीनं नव्हे, खोटं ऐकून ऐकून. परवाची ठकुबाईच घ्या. डोंगराकडच्या वाडीतली म्हातारी, काटक. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला फडकं गुंडाळून आली आणि म्हणाली, "इळीनं कापलं, बाई."

सरोजबाईंनी जखम धुतली, टाके घातले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. "हात ओला करू नका आणि परवा पट्टी बदलायला या," म्हणाल्या. म्हातारी वेळेवर आली, पण बोट टम्म सुजलेलं. गोळ्या बदलल्या. पुढच्या खेपेला तर लाली मनगटापर्यंत चढलेली. पट्टी सुटली आणि वास सगळ्या खोलीत पसरला.

"आजी, विळीची जखम अशी चिघळत नाही," सरोजबाई म्हणाल्या. "आणि बोटाच्या दोन्ही अंगांना कशी लागली विळी?"

"लागली तशी. म्या काय ध्यान दिलं न्हाई."

"मग भोरच्या मोठ्या दवाखान्यात जावं लागेल. वेळ पडली तर बोट काढावं लागेल, सांगून ठेवते."

ठकुबाई माझ्याकडे बघत बसली. मग तोंडाला पदर लावून रडायलाच लागली. "बोट गेलं तर ह्यांना उठवायचं कुणी? कुशीवर वळवायचं कुणी?"

तिचा नवरा सावळाराम अंगावरून वारं गेल्यापासून अंथरुणाला खिळलेला. घरात दोघंच. ती रानात गेली की त्याच्या सोबतीला पिंजऱ्यातला राघू. घरट्यातून पडलेलं पिल्लू, त्यानंच भरवून वाढवलेलं. दिवसभर दोघांच्या गप्पा चालायच्या.

"त्यो राघू चावला मला," ठकुबाई म्हणाली. "पिंजरा झाडताना. लोक म्हनत्यात, राघू पाळायला बंदी हाय. तुमी वरती कळवलं असतं, फारिष्टवाल्यांनी त्याला नेला असता. मग ह्यांनी बोलायचं कुणाशी?"

"अहो, पण मी डॉक्टर आहे! वनखात्यात नाही!" सरोजबाई इतक्या चिडलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. "चावा म्हणाला असतात तर मी टाकेच घातले नसते. चोचीतली घाण आत कोंडली मी. माझ्या हातानं!"

टाके सोडले. जे बाहेर आलं ते सगळं माझ्यात आलं, त्याचं वर्णन नको. नंतर रोज धुणं, रोज नवी पट्टी, जास्त कडक औषधं. ठकुबाई रोज पहिल्या गाडीनं यायची. एकदा मला बघून म्हणाली, "लई सोसलंस रं बाबा." इतक्या वर्षांत माझ्याशी कुणी बोललं नव्हतं, मित्रांनो. मला फार बरं वाटलं.

बोट राहिलं. पण पू बोट वाकवणाऱ्या आतल्या कंडरेपर्यंत गेला होता. बोट वाकेना.

शेवटच्या पट्टीला सरोजबाईंनी विचारलं, "राघू काय म्हणतोय?"

"गेला. म्या सगळं सांगितलं तवा ह्यांनीच शेजारच्या धनाजीला हाक मारली. म्हनले, लाव फारिष्टवाल्यांना फोन. मला राघू नगं, हिचा हात पायजे." तिनं औषधाची पिशवी जवळ ओढली. "म्या ह्यांच्यासाठी लपवलं, बाई. ह्यांना इचारलंच न्हाई."

ठकुबाईनं औषधाच्या पिशवीला गाठ मारायला घेतली. ते बोट ताठच. पिशवी दोनदा निसटली. सरोजबाई पुढं झाल्या, तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. आता असंच जमवायचं हाय."

तेव्हा मित्रांनो, मांजर ओरबाडो, कुत्रा चावो, नाहीतर लाडका पोपट. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवा, डॉक्टरकडे जा आणि कशानं झाली ते खरं सांगा. बोलावलं त्या दिवशी पट्टीला पुन्हा या. पट्टी सुटली की खरं काय ते माझ्यात पडतंच, पण तोवर फार उशीर झालेला असतो.