वाऱ्याच्या परीचा कप

कप आठच आहेत, असं आईनं लेकीला धडधडीत सांगितलं होतं, आणि नववा कप फडताळाच्या सगळ्यात वरच्या फळीवर पिठाच्या डब्यामागे दडवला होता. खोटं बोलायचं तर निदान निबरपणे तरी बोलावं. या बाईला तेही जमत नसे. स्वयंपाकाला उभी राहिली की नजर आपोआप त्या डब्याकडे जायची.

ती चिनीमातीच्या कारखान्यात कपांवर रंगकाम करायची. जरा वाकडे निघालेले कप कामगारांना घरी नेऊ देत. लेकीच्या सहाव्या वाढदिवसाला पऱ्यांचा चहा करायचा ठरलं, तेव्हा तिनं त्या कपांवर निळ्या रंगात एकेका पाहुणीचं परीचं नाव काढलं, दवाची परी, पानाची परी, मधाची परी, आणि कारखान्याच्या भट्टीत भाजून पक्कं करून आणलं. लेकीनं स्वतःला धरून नऊ जणी सांगितल्या होत्या. आईनं आठ केल्या.

नववी होती ती वादळ. हे नाव शाळेनंच पाडलेलं. मध्यंतरी मुलांना कारखाना दाखवायला आणलं होतं, तेव्हा या पोरीचा धक्का लागून कच्च्या कपांची अख्खी मांडणी आडवी झाली आणि आईची दोन दिवसांची मेहनत मातीत गेली. पोर सहा वर्षांची, ही चांगली चौतिशीची. पण राग धरायला कसलं आलंय वय. शाळेत खुंट्यांवर टांगलेल्या दप्तरांत आमंत्रणाची कार्डं घालताना तिनं वादळाचं दप्तर सरळ वगळलं. वर मनाशी म्हणाली, एवढ्या कपबशांमध्ये ते वादळ कोण आवरणार?

वाढदिवसाच्या दुपारी बैठकीच्या खोलीत जुने जाळीचे पडदे टांगले होते. नणंदेनं तारा वाकवून पंख केले होते. परी होऊन आलेल्या पोरी जमिनीवरच्या चादरीभोवती बसल्या होत्या, अजून चहा ओतायचा होता, तेवढ्यात बेल वाजली.

दारात बसचालकाचा गणवेश घातलेला माणूस, आणि त्याचं बोट धरून वादळ. पाठीवर खोक्याच्या पुठ्ठ्याचे पंख, एक मोठा, एक लहान.

"उशीर झाला, ताई," तो म्हणाला. "हिनं कार्ड हरवलं, त्यामुळे वेळच कळेना. शेवटी शेजाऱ्यांना विचारून आलो. एक वस्तू धड सांभाळत नाही. आज चांगली बोलणी खाल्लीत बाईसाहेबांनी."

वादळ आपल्या बुटांकडे बघत होती. आता खरं बोलायला एक वाक्य पुरलं असतं. आईच्या तोंडातून मात्र निघालं, "असू दे हो. हरवतात कार्डं."

तो कामावर गेला. पोर आत येऊन चादरीच्या कडेला उभी राहिली. "आई, पण कप तर आठच आहेत ना?" लेकीनं विचारलं. ती बिचारी खरंच काळजीत पडली होती.

आई स्टुलावर चढली आणि डब्यामागचा कप काढून खाली उतरली. लेकीनं कपाकडे पाहिलं, मग आईकडे.

स्वयंपाकघरात आईनं घाईघाईनं त्या कोऱ्या कपावर लिहिलं, वाऱ्याची परी. मागे नणंद येऊन उभी राहिली. "वहिनी, भट्टीशिवाय रंग धरत नाही, हे तूच जगाला सांगत असतेस."

"दहा मिनिटं ओव्हनमध्ये ठेवते. पार्टी संपेपर्यंत टिकेल."

"टिकेल हं," नणंद म्हणाली, आणि तिच्या आवाजातला टोमणा आईनं गिळला. गिळण्यासारखाच होता तो.

पोरींना दूध दिलं, त्यात चहा नावापुरता. दवाच्या परीनं बशीत सांडलं, मधाच्या परीनं चादरीवर. वादळ तेवढी मूर्ती होऊन बसली होती. दोन्ही हातांनी कप गच्च धरलेला. केक फिरला तरी तिनं घेतला नाही. घ्यायचा तर कप खाली ठेवावा लागला असता. आईला वाटलं, काय ही पोर, आणि काय आपण हिच्याबद्दल मनात धरून बसलो. तिला स्वतःची लाज वाटली.

खेळ सुरू झाला तशा सगळ्या परसात पळाल्या. वादळ जागची हलली नाही.

"दे बाळा, कप धुते."

"नको, काकू."

"अगं, दे की."

पोरीनं हळूच हात उघडले. तळवे निळे झाले होते. कपावर नुसती एक 'री' उरली होती, तीही ओघळलेली.

"मी पुसलं नाही," वादळ म्हणाली. "मी नुसतं धरलं होतं. रंग जाताना बघून मी हातानं झाकून ठेवलं, म्हणजे तुम्हाला दिसणार नाही. मी खरंच काही केलं नाही."

आई तिच्यासमोर खाली बसली. "तू काही केलं नाहीस गं. रंग कच्चा होता. तुझा कप मी आज केला, तू आल्यावर. तुला बोलावलंच नव्हतं मी."

"माहीत आहे," वादळ म्हणाली. "माझ्या दप्तरात कार्ड नव्हतंच. मी तीनदा बघितलं."

"मग बाबांना का सांगितलंस हरवलं म्हणून?"

पोरीनं खांदे उडवले. "हरवलं म्हटलं की ते ओरडतात, पण मग घेऊन येतात."

आईनं तिचे निळे हात ओल्या फडक्यानं पुसायला घेतले. रंग बोटांच्या बेचक्यांतून जाता जाईना.

संध्याकाळी बाप न्यायला आला. उंबऱ्यातूनच त्यानं विचारलं, "काही फोडलं नाही ना हिनं?"

नणंद होती, परतीच्या भेटी हातात घेतलेल्या पोरी होत्या, त्यांना न्यायला आलेल्या आया होत्या. आईला वाटलं, उद्या सांगू, एकट्याला गाठून. मग तिनं वादळाकडे पाहिलं. पोर आधीच मान खाली घालून बोलणी खायला तयार होती.

"काही फोडलं नाही," आई म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "आणि कार्डही हरवलं नव्हतं. मी दिलंच नव्हतं. मुद्दाम."

बापाचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. तो आईकडे न बघता लेकीपुढे उकिडवा बसला आणि तिच्या बुटाची सुटलेली नाडी बांधू लागला.

"मला खरं का नाही सांगितलंस?"

"तू मला परत नेलं असतंस."

त्याला नाडीची गाठ दोनदा मारावी लागली. आई कप घेऊन पुढे झाली. "हा मी परत रंगवून भट्टीतून पक्का करून आणते. परवा मिळेल."

"राहू द्या, ताई," तो म्हणाला, आणि लेकीचं बोट धरून निघाला.

फाटकापाशी वादळानं मागे वळून पाहिलं. "काकू," ती म्हणाली, "वाऱ्याचीच परी लिहा हं."