सांतो निन्योचा झगा

आमच्या हॉस्पिटलातला सर्व्हर आजारी पडला तर आधी स्वतःच सांगतो. ऐकायला मात्र मी एकटीच असते, हाच माझ्या नोकरीचा सगळा ताप. सर्व्हर दोन. त्यांच्या पोटात मिळून सात आभासी मशीनं चालतात: केसपेपर, औषधं, एक्स-रे, रक्तपेढी वगैरे. एखाद्याच्या आतली हवा चाळीस अंशांच्या वर गेली, की माझ्या पडद्यावरचा हिरवा ठिपका पिवळा होतो आणि सर्व्हर बंद पडायच्या आत त्याच्यावरची मशीनं गुपचूप दुसऱ्यावर सरकतात. कुणाला पत्ताही लागत नाही. फक्त दोन मिनिटं सगळं जरा हळू चालतं.

त्या दोन मिनिटांनीच घात केला.

खोली नवी झाली तेव्हा फादर आले, प्रार्थना झाली, पवित्र पाणी शिंपडलं गेलं. मी सर्व्हरवर आधीच प्लास्टिक पांघरलं होतं. मग आमच्या प्रशासक मॅम पुरिता यांनी सांतो निन्योची मूर्ती रॅकच्या माथ्यावर ठेवली. मूर्तीला माझा विरोध कशाला असेल? मी स्वतः नऊ दिवसांच्या प्रार्थनेची नोव्हेना चुकवत नाही. पण बाळ येशूच्या अंगात लाल मखमली झगा होता, आणि तो थेट पहिल्या सर्व्हरच्या हवा ओढायच्या जाळीवर लोंबत होता. जाळी हवा ओढायची आणि झगा तिला चिकटून बसायचा. मी मूर्ती उचलून कपाटावर ठेवायची. सकाळी ती परत रॅकवर.

"देलिया, त्याला कोपऱ्यात कुणी ठेवलं?" मॅम दारातूनच गरजल्या.

"मॅम, झग्यामुळे सर्व्हरचा श्वास कोंडतोय."

"अगं, तो राखण करतोय आणि तू त्यालाच हाकलतेस?"

"करू दे की राखण. जरा बाजूला उभं राहून करू दे."

"जास्त बोलू नकोस. तुझ्या त्या पिवळ्या ठिपक्यापायी रिसेप्शनचे कंप्युटर रोज अडकतात. आधी ते बघ."

मी मॅमना लेखी कळवलं, तीनदा. उत्तर एकदाही आलं नाही. जानेवारी उजाडला, सांतो निन्योच्या सणाचे, दिनाग्यांगचे ढोल रस्त्यावर घुमायला लागले आणि पिवळा ठिपका अचानक यायचा थांबला. मला वाटलं, देवानं ऐकलं, कुणीतरी झगा आवरला. मी मूर्ख. जाऊन बघायला हवं होतं.

मिरवणुकीच्या शुक्रवारी सकाळी पावणेअकराला पहिला सर्व्हर धाडकन बंद पडला. मी तळमजल्यावरून धावत वर आले. मूर्तीला नर्सेसनी सणाचा नवा झगा घातला होता, टिकल्यांचा, आधीच्यापेक्षा हातभर लांब, वर सांपागिताच्या पांढऱ्या फुलांचे पाच हार. जाळीचा इंचही उघडा नव्हता. पडद्यावरचा ठिपका मात्र बंद पडेपर्यंत हिरवागारच राहिला होता.

"बोजी! हे हिरवं कसं राहिलं?"

माझा सहकारी बोजी, मला मनांग म्हणजे ताई म्हणणारा, मान खाली घालून उभा होता. "मनांग, मॅम रोज ओरडायच्या. मी पिवळ्या ठिपक्याची मर्यादा चाळीसची सत्तर केली."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही रागावला असता."

"आणि आता काय मी नाचू?"

अचानक पडलेली मशीनं दुसऱ्या सर्व्हरवर उठतात, पण धडपडून उठतात. रक्तपेढीचं मशीन आपल्याच नोंदी तपासत बसलं. अर्धा तास झाला तरी संपेना. तेवढ्यात प्रसूती विभागातून फोन आला: बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नाही, जुळणारी पिशवी कुठली ते सांगा. पडद्यावर नुसतं गरगरणारं चक्र. रक्तपेढीच्या मनांग चोलेंगनी फ्रीज उघडला आणि एकेक पिशवी हातात घेऊन चिठ्ठी वाचायला सुरुवात केली. वय साठ, चष्मा जाड. रक्त पोचायला पंचवीस मिनिटं लागली. एरवी पाच लागतात.

त्या पंचवीस मिनिटांत मीही सांतो निन्योपुढे हात जोडले, खोटं कशाला बोलू? एका हातानं झगा वर धरला होता, एवढंच.

बाई वाचली. मॅम धापा टाकत वर आल्या, छातीवर क्रूसाची खूण केली आणि म्हणाल्या, "बघितलंस? यानंच वाचवलं. दुसऱ्या सर्व्हरवरही एक मूर्ती आणून ठेवू या."

माझं डोकं फिरलं. टेबलावरची कात्री घेतली आणि झगा गुडघ्यापर्यंत कापला, टिकल्यांसकट. बोजीनं डोळे मिटून घेतले. मी हार उचलले, मर्यादा पुन्हा चाळीसवर आणली आणि पासवर्ड बदलला.

सोमवारी टेबलावर मेमो होता. बंद पडलेल्या सर्व्हरबद्दल नाही, बदललेल्या मर्यादेबद्दल नाही, न वाचलेल्या तीन अर्जांबद्दल तर नाहीच. धार्मिक वस्तूची नासधूस का केली, बहात्तर तासांत लेखी खुलासा करावा.

मी तिथल्या तिथे बसून खुलासा लिहिला: रोवेना पाल्मारेस, प्रसूती विभाग, खाट क्रमांक नऊ, बुधवारी बाळाला घेऊन घरी जाणार आहे. झगा किती लांब असावा, ते तिला विचारा.