गोरज मुहूर्त

“दहा खोल्या देतो, पन मुहूर्त कधीचा हाय?” हॉटेलाचा मॅनेजर म्हणाला. “चहा-नाश्ता त्याच हिशेबानं ठेवा लागते, मॅडम.”

मी तोंड उघडायच्या आत माझे दीर रवींद्र बोलून मोकळे झाले, “गोरज!”

मी त्यांच्याकडे असं पाहिलं, की विनातिकीट माणसाकडेही कधी तसं पाहिलं नसेल. एसटीत कंडक्टरकी करण्यात जन्म गेला माझा. खोटं बोलणारा मला चढतानाच कळतो, आणि इथे तो माझ्याच शेजारी बसला होता! माझ्या लेकीचं, मेघाचं लग्न सकाळचं, बुद्धवंदना घेऊन. आमच्यात मुहूर्त काढतं कोण? रविवारी लोकांना सुट्टी असते म्हणून रविवार धरला. पण वऱ्हाडाचा जानोसा, म्हणजे उतरायचा मुक्काम, मनीषनगरच्या चांगल्या हॉटेलातच पाहिजे, नाहीतर सोयरीक मोडली समजा, असं व्याह्यांनी बजावलं होतं. त्यात आदल्या दिवशी एका हॉटेलाने आडनाव ऐकूनच आम्हाला वाटेला लावलं होतं. भाऊजींनी त्याचीच धास्ती घेतली होती, म्हणून आम्ही मुहूर्त पाहणारे आहोत असं भासवलं.

मॅनेजरने मोबाइलवर पंचांग उघडलं.

“गोरज कसा? त्या रविवारी लग्नाची तिथीच नाही. सारं नागपूर खाली हाय त्या दिवशी.” मग त्याने आम्हा दोघांकडे नीट निरखून पाहिलं. “आडनाव काय म्हनले तुमी?”

“गजभिये,” मी सांगितलं.

“अच्छा. त्या दिवशी मेंटेनन्स हाय, मॅडम. माह्या ध्यानातच नव्हतं.”

“आत्ता तर दहा खोल्या देऊन राहिले होते! सारं नागपूर खाली हाय म्हनता, मंग तुमच्याच खोल्याइले काय झालं?”

“आवाज नका चढवू. आमच्या बाकीच्या कस्टमरचं बी पाहा लागते.”

“काय पाहा लागते? तोंडानं सांग ना!”

त्याने घंटी वाजवून पुढच्या माणसाला बोलावलं.

“वहिनी, मले काय माहीत तो पंचांग पाहीन म्हनून!” भाऊजी पायऱ्यांवर पुटपुटले. मी तिथूनच व्याही नत्थूजींना, म्हणजे नवरदेव रोशनच्या वडिलांना, फोन लावला आणि घडलं ते सगळं सांगितलं. आपलाच माणूस, निदान हा तरी पेटून उठेल असं मला वाटलं होतं.

“विहीणबाई, तुमाले खोटं बी धड बोलता येत नाही काय?” ते म्हणाले. “रोशनच्या ऑफिसचे साहेब लोकं येऊन राहिले. त्याइले का तुमच्या हुडकेश्वरच्या घरात झोपवू?”

“हो. माहं घर साफ हाय. तिथंच उतरा.”

“मंग आमाले इचार करा लागन.”

“करा. पन माह्या पोरीच्या लग्नासाठी आता मी कोनापुढं खोटं बोलत नसते.”

फोन त्यांनीच ठेवला. मी मोठ्या तोऱ्यात बोलले खरी, पण पोरीचं लग्न मीच मोडलं की काय, या भीतीने रस्ता दिसत नव्हता.

घरी येऊन मी गाद्या उन्हात टाकायला गच्चीवर ओढायला लागले. भाऊजींनी मेघाला सारं सांगितलं होतं; ती जिन्यात आडवी आली.

“आई, रोशनच्या घरून फोन आला काय?”

“नाही.”

“मंग गाद्या काहून काढून राहिली वं?”

“जे येतीन त्याइच्यासाठी.”

मग वाकून तिने गादीचं दुसरं टोक धरलं.