महिपतीशेटचा मफलर

महाडच्या बाजारात ठकूबाईचा ग्रामोफोन लिलावाला निघाला. अख्खं सागवानी कपाट, कर्णा आत पोटात. लिलाववाल्यानं चावी भरून तबकडी लावली, तर आवाज नुसता घुसमटला.

"मेलंय ते!" पोलादपूरचा महिपतीशेट हसला. "लाकडाच्या भावात नेतो, उपकार समजा."

ठकूबाई रडवेली झाली. "कालपर्यंत आळीभर ऐकू जायचा हो!"

ट्रकवाल्या गनीच्या घरी असले तीन ग्रामोफोन होते आणि चौथा हाच हवा होता. गप्प बसला असता तर त्यालाही स्वस्तात पडला असता. पण त्याची नजर शेटच्या गळ्याकडे गेली. भर मे महिन्यातही न सुटणारा लाल मफलर आज गायब! आणि सकाळी माल बघायला सगळ्यांच्या आधी आला होता तो हाच. गनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकट्या बाईला लुबाडतो?

त्यानं कर्ण्यात कोपरापर्यंत हात घातला आणि लांबलचक लाल मफलर ओढून काढला. तबकडी अशी कडाडली की चहावाला दचकला.

"शेट, सर्दी तुमाला, आन् घसा ह्याचा बांधलाय व्हय?"

बाजार खदखदून हसला. बोली भराभर चढली. शेवटी एका हॉटेलवाल्यानं चांगला दाम मोजून ग्रामोफोन नेला. गनीचा चौथा हुकला.

"मफलर दे इकडं," शेट गुरगुरला.

गनीनं तो लिलाववाल्याच्या टेबलावर पसरला. "ह्याची बोली येगळी लावा. पैसं ठकूआक्काला!"