साडेएकेचाळीस इंच

त्या तळ्याकाठी सूनबाई जीवरक्षक होती आणि तिचाच शब्द चाले. तिने लाल झेंडा वर चढवला की पोहणारे बाहेर येत, होड्या काठाला लागत, ट्यूबवर उताणे पडून ढगांत उंट शोधणारे जाडजूड गृहस्थसुद्धा पोट सावरत वाळूवर येत. तिच्या शिट्टीने बदकंही रांगेत बाहेर पडतात असं लोक म्हणत, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. तिचं ऐकत नव्हता असा माणूस अख्ख्या काठावर एकच, आणि तो तिचा सख्खा सासरा.

आप्पा म्हणजे जुने टेलरमास्तर. दुकान बंद झालं, यंत्र विकलं, पण गळ्यातली टेप काही उतरली नाही. अंघोळीपुरती ती खुंटीला लागे आणि बाहेर आले की टॉवेलच्या आधी गळ्यात. आता रोज दुपारी ते दगडी धक्क्याच्या पार टोकाला, लोखंडी स्टुलावर बसून गळ टाकत. धक्का दोनशे पावलं पाण्यात घुसलेला, दोन्ही कडांना शेवाळ, आणि टोकाला आप्पांपेक्षा उंच दुसरं काहीच नाही. विजेला बसायला जागा हवी असती, तर तिने आप्पांचंच डोकं निवडलं असतं.

त्या दिवशी सकाळपासून ऊन असं, की वाळूवर पाऊल ठेवणारा माणूस आपोआप नाचायला लागे. तीनच्या सुमारास पलीकडच्या काठावरून काळं वर आलं, एक गार झुळूक आली आणि लांब कुठेतरी गडगडलं. एकदाच. सूनबाईने झेंडा चढवला. तिचा हिशोब साधा होता, ऐकू आलं म्हणजे आवाक्यात आलं. झाडाखाली उभ्या राहिलेल्यांना तिने हाकललं, पत्र्याच्या शेडखालून लोकांना ओढून काढलं, गाड्या होत्या त्यांना काचा वर करून गाडीत बसवलं आणि उरलेली चाळीसेक माणसं कपडे बदलायच्या पक्क्या खोलीत कोंबली. तोवर वारा असा सुटला की एकाच्या डोक्यावरची टोपी उडाली ती सरळ दुसऱ्याच्या डोक्यावर जाऊन बसली, आणि अगदी मापात बसली.

राहिले आप्पा.

तिने सेलवरचा भोंगा तोंडाला लावून त्यांना आत बोलावलं. आप्पांनी मागे न बघता हात वर केला. सदरा शिवून झाला का विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला ते चाळीस वर्षं करत आले तोच हात, गुरुवारी या म्हणणारा. त्यांचं पुराण तिला तोंडपाठ होतं. ढग आले की मासा भुकेला होतो, आणि ज्याने जन्मभर शिवणयंत्राचा खडखडाट ऐकला त्याला आभाळ काय घाबरवणार.

ती धावत धक्क्यापाशी गेली आणि दोन पावलांवर थांबली. लाटा आता दगडांवर चढून पलीकडे उतरत होत्या. बुडणाऱ्यामागे स्वतः उडी मारू नका, नाहीतर एकाच्या जागी दोघांना काढावं लागतं, हे ती उन्हाळाभर दुसऱ्यांना शिकवत होती. पायांना ते पटलं, जिवाला पटेना. ती मागे फिरली, खोलीत शिरली आणि सासूबाईंना फोन लावला.

सासूबाई वाटाणे सोलत असाव्यात. एवढं सगळं ऐकून त्या शांतपणे म्हणाल्या, "अगं, हाक मारून हा माणूस कधी जेवायलाही आला नाही. मी शेजारणीला काहीतरी चुकीचं सांगायला घेते, की हे अंगाला साबण तसाच घेऊन बाहेर येतात, चूक दुरुस्त करायला."

सूनबाईने फोन ठेवला. आप्पांचा तो मासा तिला आठवला, तीन वर्षांपूर्वी पकडलेला. घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याने तो ऐकलेला होता. मेल्यानंतरही वाढणारा तो जगातला एकमेव मासा असावा, सध्या साडेएकेचाळीस इंचांवर पोचलेला. तिने खिडकी अर्धी उघडली, भोंगा बाहेर काढला आणि बातम्या द्याव्यात तशा आवाजात सांगायला सुरुवात केली.

आलेल्या सर्वांच्या माहितीसाठी, ती म्हणाली, या तळ्यातला सगळ्यात मोठा मासा एकवीस इंचांचा होता. शेपूट धरून.

धक्क्याच्या टोकाला पाठ ताठ झाली.

"आणि खोलीतले घड्याळवाले काका सांगतात," ती पुढे म्हणाली, "की तेही नक्की नाही, कारण मोजणाऱ्याची टेप सैल होती."

काका बिचारे कोपऱ्यात बसून रुमाल पिळत होते. आप्पांचे ते लहानपणचे मित्र, आणि त्यांनी चकार शब्द काढला नव्हता. पण आप्पा उठले. गळ तिथेच टाकला आणि निघाले. चालणं असं की लाटा घोट्याला झोंबतायत याचाही पत्ता नाही. सूनबाई खिडकीतून पावलं मोजत होती. शंभरावर शेवाळावरून त्यांचा पाय सरकला आणि तिची मोजणी थांबली. ते सावरले. दीडशे. दोनशे. वाळू. दार.

आप्पा आत आले तेव्हा टेप हातात ताणलेली होती. "कुणाची टेप सैल?" एवढंच ते म्हणाले, आणि सगळी खोली पांढरी झाली. आवाज उजेडाबरोबरच आला, मधे श्वास घ्यायलाही जागा नव्हती. तावदानं थरथरली, कुणीतरी देवाचं नाव घेतलं. डोळे जाग्यावर आले तेव्हा सगळ्यांनी बाहेर पाहिलं. धक्क्याच्या टोकाला स्टूल नव्हतं. विजेने उडवलं की लाटेने नेलं, यावर पुढे बरीच भांडणं झाली, पण स्टूल नव्हतं हे खरं.

 आप्पा बाकावर हळूच बसले आणि टेपची गुंडाळी करायला लागले. ती दोनदा सुटली.

"सूनबाई, हा खरंच तसं म्हणाला?"

"नाही आप्पा. मीच म्हणाले."

"आणि एकवीस?"

"तेही मीच. आत या म्हटल्यावर तुम्ही आला नसता."

आप्पांनी ते मनात आडवं-उभं मोजून पाहिलं. "पस्तीस म्हणाली असतीस तरी आलो असतो," ते म्हणाले. "एकवीस फार लागलं."

तिने त्यांच्या खांद्यावर कोरडा टॉवेल टाकला आणि तोंड फिरवून उगाचच झेंड्याची दोरी तपासली.

मग तिने खोलीला नियम सांगितला. शेवटचा गडगडाट झाल्यापासून अर्धा तास कुणी बाहेर पडायचं नाही, मधे पुन्हा गडगडलं तर मोजणी पहिल्यापासून. वेळ घड्याळवाले काका धरतील. आप्पांनी आजूबाजूला पाहिलं. चाळीस माणसं, एकच दार, अर्धा तास. असं नशीब जन्मात एकदाच उघडतं. त्यांनी घसा साफ केला आणि मासा पाण्यातून वर यायला लागला.

विसाव्या मिनिटाला गडगडलं. काकांनी मोजणी पुन्हा सुरू केली, आप्पांनीही. नव्या माणसांसाठी, ते म्हणाले, जरी नवं कुणी आलं नव्हतं. या खेपेला गळ जास्त वाकला आणि होडीवाले मदतीला तिनाचे पाच झाले.

एकोणतिसाव्या मिनिटाला खिडकीतून ऊन आलं. माणसं चपला शोधू लागली, एक गृहस्थ दाराच्या कडीपर्यंत पोचले. मासा काठावर आला होता, पण मोजायचा राहिला होता.

आप्पांनी मान तिरकी केली. "गडगडलं," ते म्हणाले.

कुणालाही ऐकू आलं नव्हतं. सगळ्यांनी सूनबाईकडे पाहिलं. तिने आप्पांकडे पाहिलं. केस अजून ओले होते, टेप अर्धी उघडलेली होती, चेहरा देवळातल्या दिव्यासारखा निष्पाप. थाप होती, चांगली हातभर लांब. पण आज दुपारी पहिली थाप कुणी मारली, हे तिला ठाऊक होतं.

"काका," ती म्हणाली, "पहिल्यापासून धरा."

आणि ती स्वतःही बाकावर बसली, आप्पांच्या शेजारी, टेपचं दुसरं टोक धरायला.