एक्याऐंशी सालचा कागद

संघप्रिया दूध पिता पिता मांडीवरच झोपली होती, म्हणून मला उठता येत नव्हतं. समोर सीतारामकाका, माझे चुलतसासरे, कोरा स्टॅम्पपेपर घेऊन बसले होते.

"राजश्री, कागद झाला की मिटलं. पोलीस नकोत. आपल्यात असंच मिटवतात."

समाधान, माझा नवरा, खिडकीतून केबिन रोड बघत उभा. त्याच्या हाताचा माझ्या गालावरचा वळ तीन दिवसांत पिवळा पडला होता.

काका माझ्या सासूबाईंकडे वळले. "वहिनी, तुमचा जुना कागद आणा. तसाच उतरवू."

सासूबाईंनी पेटीतून प्लॅस्टिकच्या पिशवीतला कागद काढला. साल १९८१. खाली त्यांचा अंगठा. काकांना चष्मा सापडेना. त्यांनी वाचायला माझ्याकडे दिला, आणि तिथंच ते चुकले.

"'पती पत्नीस विनाकारण मारहाण करणार नाही. पत्नी उलट बोलणार नाही.'" मी थांबले. "काका, कारण असलं तर चालतं?"

"अगं, कागदाची भाषा असते तशी."

सासूबाई नातीच्या पायांवरचं दुपटं सारखं करत होत्या. हात थांबला. "काय वाचलंस? परत वाच."

मी परत वाचलं.

"विनाकारण?" त्या काकांकडे वळल्या. "भावजी, मला सांगितलं व्हतं, मारणार न्हाई असं लिवलंय. म्हणून अंगठा दिला मी. भाकर करपली तरी मार पडायचा. चौकीत गेले तर जमादार म्हणाला, नवरा-बायकोत आम्ही पडत नाही."

"तेव्हा तसंच होतं, आई," मी म्हणाले. "नवऱ्यानं बायकोचा छळ केला तर गुन्हा, हे कलम त्र्याऐंशीत आलं."

"दोन वर्षं उशिरा."

"आई, काय ड्रामा करतेयस!" समाधान म्हणाला.

"तू गप. तू ह्या कागदानंतरचा हायेस."

पोरीचं डोकं छातीशी धरून मी काकांचा स्टॅम्पपेपर परत त्यांच्यापुढे सरकवला. "मी सही करणार नाही. दोन हजार पाचचा घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे, त्यात मारायला कुठलंच कारण चालत नाही. आणि या घरातून मला कुणी काढू शकत नाही. उद्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे अर्ज देतेय."

"सूनबाई, घराची अब्रू..."

"साक्षीदार लागतो का गं?" सासूबाईंनी त्यांना मध्येच तोडलं.

"असला तर बरं."

"माझं नाव घाल. आता सही येते मला." त्यांनी जुना कागद माझ्या हातून घेतला, पण पिशवीत परत घातला नाही. "अर्ज लिहिलास की आधी मला वाचून दाखव. सगळा. एक शब्द गाळायचा न्हाई."